पूल दिसतो, पुलाची उंची दिसत नाही

पुलाखाली ट्रक अडकला की जमलेल्या गर्दीतून एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘एवढा मोठा पूल दिसला नाही का याला?’ मला या वाक्याचा राग येतो. पूल दिसलेला असतो. उंची दिसलेली नसते, कारण ड्रायव्हरच्या सीटवरून ती अचूक दिसणं जवळजवळ अशक्य आहे.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहम शहरात ग्रेगसन स्ट्रीटवर रेल्वेचा एक जुना पूल आहे. त्याच्याखाली मोकळी उंची होती 11 फूट 8 इंच, म्हणजे सुमारे 3.56 मीटर. जवळच्या इमारतीत काम करणाऱ्या एका माणसानं 2008 मध्ये तिथे कॅमेरा लावला आणि पुढे शंभरहून जास्त गाड्यांची टपं सोलून निघताना त्यानं टिपली. पाट्या होत्या, लुकलुकणारे दिवे होते. 2016 मध्ये उंच गाडी ओळखून लाल होणारा सिग्नल बसवला. 2019 मध्ये पूलच 8 इंच वर उचलला. त्यानंतरही गाड्या धडकल्याच. त्यांत भाड्यानं घेतलेले ट्रक बरेच असतात, आणि ते चालवणाऱ्यांना सवय असते घरच्या कारची.

आता डोळ्याचं गणित बघू, ते फार सुंदर आहे. ड्रायव्हरचा डोळा रस्त्यापासून 2.4 मीटरवर आहे असं समजा. सपाट रस्त्यावर क्षितिज नेहमी आपल्या डोळ्याच्या पातळीवर दिसतं. म्हणजे समोरच्या पुलाच्या खांबाला क्षितिजाची रेषा बरोबर 2.4 मीटरवर छेदणार, मग पूल 200 मीटरवर असो की 20. त्या रेषेच्या खाली खांबाचे दोन भाग आणि वर गर्डरपर्यंत, म्हणजे पुलाच्या आडव्या तुळईपर्यंत, एक भाग दिसला, तर वरचा भाग 1.2 मीटर आणि पुलाची उंची 3.6 मीटर. जवळ जाल तसं सगळं मोठं दिसेल, पण दोनास एक हे प्रमाण हलणार नाही. अंतर माहीत नसताना, टेप न लावता, नुसत्या नजरेनं उंची!

मग बिघडतं कुठे? ताशी 40 किलोमीटर वेगानं भरलेला ट्रक थांबवायला, पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ धरून, साधारण 45 मीटर लागतात. तेवढ्या अंतरावरून गर्डर 10 सेंटिमीटर वर-खाली असला तर डोळ्यापाशी साडेसात कलांचा फरक पडतो. (एका अंशाचे 60 भाग केले की एक भाग म्हणजे एक कला.) निरोगी डोळा एका कलेचा फरकही ओळखतो, तेव्हा दोष नजरेच्या तीक्ष्णतेचा नाही. दोष क्षितिजाचा आहे. शहरात ते दिसतच नाही, इमारती आड येतात. रेल्वेखालचा रस्ता तर बहुधा खाली उतरून पुन्हा चढतो. मेंदू मग क्षितिज अंदाजानं धरतो. हा अंदाज अर्ध्या अंशानं चुकला, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढा, तर 45 मीटरवर ती रेषा खांबावर सुमारे 40 सेंटिमीटर सरकते आणि उंचीत निदान अर्ध्या मीटरची चूक होते. टप सोलायला 5 सेंटिमीटर पुरतात.

त्यात ज्याच्याशी तुलना करायची ते आपलं टप केबिनमधून दिसत नाही. ते आकड्यानं पाठ असावं लागतं, आणि तो आकडाही स्थिर नसतो. भरलेला ट्रक स्प्रिंगच्या पाट्यांवर दबून निघून जातो, तोच रिकामा परतताना अडकतो. खोलगट रस्त्यावर लांब ट्रेलरची पुढची चाकं पलीकडच्या चढावर, मागची अलीकडच्या उतारावर असतात आणि मधला भाग रस्त्यापासून उचलला जातो. हे वर्तुळाच्या जीवेचं गणित: चाकांमधल्या अंतराचा वर्ग भागिले वक्राच्या त्रिज्येची आठपट. चाकांत 12 मीटर, त्रिज्या 300 मीटर, तर 6 सेंटिमीटर. शिवाय रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की पाटीवरचा आकडा खोटा ठरतो. अशा ठिकाणी वारंवार गाड्या अडकल्या की ‘जागाच वाईट’ म्हणून नारळ फोडला जातो. त्याऐवजी गर्डरखाली टेप धरून नवा आकडा रंगवला तर पुढचा ट्रक वाचेल.

आपल्याकडे विजेच्या तारा असलेल्या रेल्वे फाटकांवर दोन्ही बाजूंना हाइट गेज उभं असतं, 4.67 मीटरवर आडवा दांडा. तिथे डोळ्यावर काहीच सोपवलेलं नाही. माल जास्त उंच असेल तर तो तारेच्या आधी दांड्याला लागतो.

आणि जिथे गेज नाही, तिथे क्लीनर असतो. तो उतरतो, पुलाजवळ बाजूला उभा राहतो आणि हात हलवत म्हणतो, ‘येऊ दे, येऊ दे… बस्स!’ टप आणि गर्डर शेजारी शेजारी, एकाच अंतरावर, फक्त त्याला दिसत असतात. त्याला क्षितिज लागत नाही, आकडाही लागत नाही. मधली फट दिसते, तेवढी पुरते.