क्रोन्स, कोलायटिस आणि डिसॅबिलिटीचा अर्ज : डॉक्टरांना "बरं आहे" म्हणण्याआधी हे वाचा

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी

आम्ही डिसॅबिलिटीचे अर्ज आणि अपिलं हाताळतो. आतड्याच्या दुखण्यावर सोशल सिक्युरिटीकडून डिसॅबिलिटी (आजारामुळे काम जमत नसताना मिळणारा दरमहा भत्ता) मिळते का, हा प्रश्न आम्हाला फोनवर सतत विचारला जातो. मिळते. पण क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (दोन्ही आतड्याच्या दाहाचे दीर्घकाळ चालणारे आजार) झालाय एवढ्या कारणावर मिळत नाही. आजारामुळे पूर्णवेळ काम निदान १२ महिने जमलेलं नाही किंवा जमणार नाही, हे कागदावर दिसावं लागतं. सुरुवातीला अर्ज तपासणारा अधिकारी सहसा तुम्हाला भेटतही नाही. तो तुमच्या डॉक्टरांच्या नोंदी वाचतो आणि त्यावरून ठरवतो.

आमच्याकडे अर्ज नामंजूर झाल्यावर येणाऱ्यांच्या फायलीत एक गोष्ट वारंवार सापडते. डॉक्टरांच्या नोंदीत लिहिलेलं असतं : 'पेशंट डुइंग वेल, नो न्यू कम्प्लेंट्स.' आणि समोर बसलेला माणूस सांगत असतो, की त्याच महिन्यात तो रोज दहा-बारा वेळा शौचाला जात होता, रात्री तीनदा उठत होता आणि दोनदा कपड्यांत झालं होतं. आम्ही विचारतो, डॉक्टरांना हे सांगितलंत का? उत्तर ठरलेलं : "त्यांनी 'हाउ आर यू' विचारलं, मी 'फाइन' म्हटलं."

यात खोटं बोलण्याचा हेतू कुणाचाच नसतो. शौचाबद्दल चारचौघांत बोलायचं नाही हे आपण लहानपणापासून शिकलेलो आहोत. शिवाय सात-आठ वर्षं आजार अंगावर काढलेल्या माणसाला सहा वेळा जाणं म्हणजे खरोखरच चांगला दिवस वाटतो. पण डॉक्टरांच्या वहीत तुमचा चांगला दिवस निरोगी माणसाच्या चांगल्या दिवसासारखाच उमटतो. एकदा उमटला की तो पुसता येत नाही. अपिलात त्याच ओळीचा खुलासा करण्यात आमचे आणि तुमचे महिने जातात. आमचा सर्वात जास्त वेळ खाणारी चूक हीच आहे, आणि ती टाळायला पैसे लागत नाहीत.

म्हणून नवीन ग्राहकाला आम्ही पहिल्या भेटीत एक साधी वही देतो. दर वेळी शौचाला गेलात की वेळ लिहायची. किती घाईने लागली, म्हणजे कळ आल्यापासून किती मिनिटं धरवलं. रक्त किंवा आव पडली का. आत किती वेळ बसावं लागलं आणि बाहेर आल्यावर किती वेळ आडवं व्हावं लागलं. कपडे बदलावे लागले का. रात्री किती वेळा उठलात. जेवण टाळलंत का, कारण बाहेर जायचं होतं? हेही लिहा, कारण उपाशी राहून लग्नाला गेलेला माणूस फोटोत ठणठणीत दिसतो. डॉक्टरांकडे जाताना वहीचं शेवटचं पान त्यांच्या हातात द्या आणि नोंदीत घालायची विनंती करा. तोंडाने बोलायची लाज वाटत असेल तर कागद बोलेल.

काही जण म्हणतात, वही तुम्हीच भरून द्या ना, तुम्हाला माहीत आहे काय लिहायचं ते. आम्ही कधीच देत नाही. ती तुमच्या हातची, त्या त्या दिवशी लिहिलेली असते म्हणूनच तिला वजन असतं. आकडा फुगवूही नका. नोंदीत आठ आणि वहीत वीस असलं की अधिकारी दोन्हींवरचा विश्वास सोडतो.

आता नियम थोडक्यात. सोशल सिक्युरिटीच्या आजारांच्या यादीला सगळे ब्लू बुक म्हणतात. त्यात आतड्याच्या दाहाचा क्रमांक ५.०६ आहे. आजार कोलोनोस्कोपी, बायोप्सी, स्कॅन किंवा ऑपरेशनच्या अहवालातून सिद्ध व्हावा लागतो. त्यानंतर तीन वाटा आहेत. आतडं अरुंद होऊन अडथळा येणं आणि त्यासाठी १२ महिन्यांत दोनदा हॉस्पिटलात भरती व्हावं लागणं, ही पहिली. दुसरीत पाच गोष्टी आहेत : हिमोग्लोबिन १० च्या खाली, अल्ब्युमिन ३ किंवा कमी, पोटात हाताला लागणारी दुखरी गाठ, गुदद्वाराजवळ वाहणारं गळू किंवा भगंदर, आणि नळीवाटे रोजचं पोषण. यांपैकी दोन गोष्टी १२ महिन्यांत, निदान ६० दिवसांच्या अंतराने नोंदलेल्या हव्यात. तिसरी वाट ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली : वर्षात सरासरी तीनदा आजाराची गुंतागुंत, दर वेळी २ आठवडे किंवा जास्त, आणि त्यामुळे रोजची कामं, लोकांत वावरणं किंवा वेळेत काम पुरं करणं यांपैकी एकात मोठी अडचण.

यावरून एक कळेल : आजार उसळला असताना घरीच पडून राहिलात, रक्त तपासलं नाही, तर तो झटका नियमाच्या हिशेबात आलाच नाही. डॉक्टरांना फोन तरी करा. फोनचीही नोंद होते.

बहुतेक ग्राहक या तिन्ही वाटांत नेमके बसत नाहीत. तिथे केस संपत नाही. मग प्रश्न येतो की रोज ८ तास, आठवड्याचे ५ दिवस तुम्ही कुठलंही काम टिकवू शकता का. इथे वही खरी कामाला येते. कामाच्या वेळेत सहा वेळा उठलात आणि दर वेळी १५ मिनिटं गेली, तर रोजचा दीड तास गेला. सुनावणीत न्यायाधीशांसमोर नोकऱ्यांचे तज्ज्ञ असतात. इतका वेळ जागेवर नसलेला किंवा महिन्यात बरेच दिवस गैरहजर राहणारा माणूस कुणी कामावर ठेवेल का, हे त्यांना विचारता येतं. 'खूप त्रास होतो' या वाक्यावर त्यांना काहीच विचारता येत नाही.

फंक्शन रिपोर्ट नावाचा फॉर्म घरी येतो, तोही घाईत भरू नका. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय करता, असं त्यात विचारतात. एका ताईंनी स्वयंपाकासमोर फक्त 'हो, रोज' लिहिलं होतं. विचारल्यावर कळलं की कुकर लावून त्या बाथरूममध्ये जातात, गॅस मुलगी बंद करते, आणि आठवड्यातले चार दिवस सगळे दहीभातावर निभावतात. हे लिहायला फॉर्ममध्ये जागा आहे. कमी पडली तर वेगळा कागद जोडा.

डॉक्टरांकडे किंवा सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात इंग्रजी अडत असेल तर मुलाला किंवा सुनेला दुभाषा म्हणून नेऊ नका. त्यांच्यासमोर तुम्ही मोकळेपणाने सांगणार नाही. सोशल सिक्युरिटी दुभाषा मोफत देते.

निदान भारतात झालं असेल तर तिकडची फाईल मागवून घ्या. इथे कागद हॉस्पिटलकडे राहतात, तिकडे पेशंटच्या कपाटात, म्हणजे ते आता पुण्यात आईच्या कपाटात असतील. सुरुवातीला आतड्याचा टीबी समजून एकेटीचा कोर्स झाला असेल तर तेही सांगा. आपल्याकडे क्रोन्स आणि टीबी ओळखण्यात गल्लत होते, पण इथल्या अधिकाऱ्याला ती जुनी औषधं पाहून कोडं पडतं. आयुर्वेदासाठी किंवा खर्चामुळे इन्फ्लिक्सिमॅबसारखं औषध थांबवलं असेल तर कारण डॉक्टरांच्या नोंदीत येऊ द्या. कारण नसलं की 'उपचार पाळत नाही' असा अर्थ निघतो.

भारतातल्या नोकरीची वर्षं मात्र इथे धरली जात नाहीत. दोन देशांमध्ये तसा करार नाही. एसएसडीआय, म्हणजे नोकरीत कर भरून मिळणारा सोशल सिक्युरिटीचा डिसॅबिलिटी विमा. त्यासाठी क्रेडिट, म्हणजे कर भरून केलेल्या कामाचे गुण लागतात. वयाच्या ३१ नंतर साधारणपणे शेवटच्या १० वर्षांतले २० हवेत, आणि एकूण क्रेडिटची अट वयाप्रमाणे वाढत ४० पर्यंत जाते. काम सुटल्यावर हे विमाकवच साधारण ५ वर्षांत संपतं. 'बरा झालो की जाईन' म्हणत घरी बसलेल्यांचं नुकसान इथेच होतं. काम सुटल्या सुटल्या न्यू जर्सीचा टेम्पररी डिसॅबिलिटी विमा मागा. तो २६ आठवड्यांपर्यंत मिळतो आणि अर्ज ३० दिवसांत करायचा असतो.

सोशल सिक्युरिटीने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा (२०२५ मध्ये ती महिन्याला १,६२० डॉलर होती) जास्त कमावत असाल तर एसएसडीआयचा अर्ज करू नका, असं आम्हीच सांगतो. अशांना आधी ऑफिसकडून सवलत मागायला आम्ही मदत करतो : संडासाजवळची जागा, घरून काम, लवचिक वेळ. आतड्याचं कार्य २००८ च्या दुरुस्तीनंतर एडीए या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात स्पष्ट नमूद आहे, त्यामुळे ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. केस न घेतल्याबद्दल एक-दोघं आमच्यावर रागावले. हरणारी केस घेऊन तुमची वर्षं घालवणं आम्हाला पटत नाही.

आमची फी केस जिंकली तरच. मागच्या थकबाकीच्या, म्हणजे मंजुरीआधीच्या महिन्यांच्या साठलेल्या भत्त्याच्या २५ टक्के आणि जास्तीत जास्त ९,२०० डॉलर (२०२५ चा आकडा), ही सरकारने घातलेली मर्यादा आहे. फीला मंजुरी सोशल सिक्युरिटी देते. रेकॉर्ड मागवायचा खर्च वेगळा, आणि तो आम्ही आधी सांगतो. अर्ज नामंजूर झाला तर अपिलाला ६० दिवस असतात. पत्र आलं त्याच आठवड्यात फोन करा, ५८ व्या दिवशी नको.

पहिली भेट दोन तासांची असते. पुष्कळ जण म्हणतात, एवढे प्रश्न कशाला. कारण वर लिहिलंय. येताना कोलोनोस्कोपी आणि बायोप्सीचे अहवाल, औषधांची यादी, गेल्या ५ वर्षांतल्या नोकऱ्यांची माहिती आणि सगळ्या डॉक्टरांचे पत्ते आणा. आमच्या ऑफिसात बाथरूम बैठकीच्या खोलीला लागूनच आहे. कितीही वेळा उठावं लागलं तरी उठा, आम्ही थांबतो. बाहेर पडायचंच जमत नसेल तर फोनवर बोलू.