यकृतावरचा संशय फुफ्फुसाच्या साथीत

२०२०च्या सुरुवातीला कोविड म्हणजे न्यूमोनिया एवढेच डोक्यात होते. तरी आयसीयूतल्या सकाळच्या रिपोर्टात एसजीओटी आणि एसजीपीटी या, यकृताला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या एन्झाइमांचे आकडे चढलेले दिसू लागले. चीनमधल्या १,०९९ रुग्णांच्या पहिल्या मोठ्या अभ्यासात साधारण २२ टक्क्यांचे एसजीओटी वाढलेले होते. गंभीर रुग्णांत हे प्रमाण ३९ टक्क्यांवर गेले होते.

पहिला संशय अर्थातच विषाणूवर. त्याला जुना आधारही होता. २००३च्या सार्सच्या, म्हणजे कोविडसारख्याच कोरोना विषाणूच्या साथीत हाँगकाँगमध्ये तीन रुग्णांच्या यकृताचे तुकडे तपासले गेले. त्यांत विषाणूची जनुकीय खूण सापडली, पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू काही दिसला नाही. कोविडमध्येही गोष्ट तशीच अर्धवट राहिली. विषाणू पेशीवरच्या ज्या एसीई-२ प्रथिनाला धरून आत शिरतो, ते यकृताच्या मुख्य पेशींवर फारच कमी आणि पित्तनलिकांच्या अस्तरावर बरेच जास्त आढळले. शिवाय एसजीओटी स्नायूंतूनही येते, त्यामुळे ते वाढले की दोष यकृताचाच असेही नाही.

मग संशयितांची रांग लांबत गेली. रक्तातला कमी ऑक्सिजन, कोसळलेला रक्तदाब, दाहाचे वादळ, बारीक रक्तवाहिन्यांतल्या गुठळ्या, आणि औषधे: लोपिनाविर-रिटोनाविर, रेमडेसिविर, टोसिलिझुमॅब. एसजीपीटी सामान्य मर्यादेच्या दहापटीवर गेले तर रेमडेसिविर थांबवण्याचा विचार करा, असे त्याच्या माहितीपत्रकातच आहे. आपल्याकडे यात काढ्याचीही भर पडली. २०२०च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. ते रुग्ण व्हेंटिलेटरवरचे नव्हते, पण प्रतिकारशक्तीच्या नावाखाली घराघरांत काय उकळले जात होते ते त्यातून कळते.

माझ्या मते खरा धडा पित्तनलिकांचा आहे, आणि तो कोविडच्या आधीचा आहे. यकृताच्या पेशींना दोन वाटांनी रक्त मिळते, पोर्टल शीर आणि यकृताची धमनी. पित्तनलिकांना मात्र धमनीचाच आधार. रक्तदाब घसरला, त्यात व्हेंटिलेटरचा दाब, की आधी त्या उपाशी पडतात. अस्तर झडते, नळीत चिकट गाळाचे साचे बसतात, पुढे व्रण होऊन नळी आकसते. आयसीयूतून वाचलेल्यांमधला हा विकार २००१मध्येच जर्मन डॉक्टरांनी नोंदवला होता. पण रुग्ण इतके थोडे, की फारसे कोणी वळून पाहिले नाही.

कोविडने आठवडेच्या आठवडे व्हेंटिलेटरवर काढलेले इतके रुग्ण एकदम मागे ठेवले, की विकार नजरेत भरला. अमेरिकेतल्या २,०४७ कोविड रुग्णांत तो १२ जणांना झाला आणि निदान व्हायला सरासरी ११८ दिवस लागले. प्रोपोफॉल या नेहमीच्या औषधाच्या टंचाईत गुंगीसाठी केटामाइन बरेच वापरले गेले, त्याचाही हात असावा असे काहींना वाटते.

११८ दिवस म्हणजे जवळजवळ चार महिने. फुफ्फुस सावरलेले, माणूस घरी आलेला, आणि अंगाला खाज सुटते. आधी साबण बदलला जातो. मग डोळे पिवळे दिसतात, पित्ताची वाट अडली की वाढणारे एन्झाइम, अल्कलाइन फॉस्फटेज, चढलेले निघते. एमआरसीपीत, म्हणजे पित्तमार्गाच्या एमआरआयमध्ये, पित्तनलिका कुठे आकसलेल्या, कुठे फुगलेल्या, मण्यांच्या माळेसारख्या. दुर्बिणीने गाळ काढता येतो, आकसलेली नळी मात्र सहसा पूर्ववत होत नाही. अशा रुग्णांपैकी काहींची नावे यकृत प्रत्यारोपणाच्या यादीत गेली.