सर्व्हरची वेळ चुकली म्हणजे सेल गेला, असं नाही

सांगलीत सर्व्हरची वेळ चुकली की पहिला सल्ला ठरलेला: मदरबोर्डवरचा सेल बदला. हा समज आता सोडायला हवा. तो ३ व्होल्टचा सेल फक्त वीज पूर्ण बंद असताना घड्याळ चालू ठेवतो. तो संपला, तर प्लग काढून लावल्यावर तारीख थेट काही वर्षं मागे जाते.

मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीवर सेल दोनदा बदलून झाला होता. सकाळी ११ च्या सौद्याच्या पट्टीवर वेळ छापलेली ५:३०. शेतकरी विचारत होता, पहाटे कुठला सौदा झाला? फरक नेमका साडेपाच तासांचा, म्हणजे टाइमझोन यूटीसीवरच (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर) राहिलेला. लिनक्सवर टाइमडेटसीटीएल या कमांडनं एशिया/कोलकाता, म्हणजे भारताची वेळ लावली, प्रोग्राम परत सुरू केला. पुढची पट्टी बरोबर निघाली.

वेळ रोज थोडी थोडी सरकत असेल, तर एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सोय, तपासा. फायरवॉलनं, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्यानं, एनटीपीची वाट असलेलं यूडीपीचं १२३ पोर्ट अडवलं असेल तर वेळ जुळत नाही. आणि कृपा करून, डेटाबेस चालू असताना घड्याळ हातानं मागे घेऊ नका. नोंदींचा क्रम बिघडतो.