मेल सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र: अर्ज कोणी करायचा, कागद कोणते लागतात, बसवायचं कसं

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात मेल सर्व्हरचा नवा बॉक्स बसला, की पहिल्याच दिवशी आउटलुक इशारा देतं: या सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवता येत नाही. बॉक्ससोबत आलेलं प्रमाणपत्र त्यानं स्वतःच स्वतःला दिलेलं असतं, म्हणून. लोक ‘येस’ दाबून पुढं जातात आणि त्याची सवय होते. मग उद्या कुणी मध्येच खोटा सर्व्हर उभा केला, तरी बोट ‘येस’वरच जाणार. ज्या मेलवरून निर्यातीची बिलं आणि बँक खात्यांचे नंबर जातात, तिथं ही सवय फार धोक्याची.

ऑफिसात हमखास ऐकू येतं, “आमच्याकडं डीएससी आहे की!” टेंडर भरायला, कंपनीचे फॉर्म सही करायला यूएसबी टोकनवर मिळतं ते सहीसाठीचं प्रमाणपत्र. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली परवाना मिळालेल्या संस्था ते देतात. सर्व्हरला त्याचा उपयोग नाही. सर्व्हरला टीएलएस प्रमाणपत्र लागतं, म्हणजे सर्व्हर खरा आहे हे दाखवणारं आणि वाटेत मजकूर गुप्त ठेवणारं. बाजारात त्याला अजून एसएसएलच म्हणतात.

अर्जाची पात्रता एकच: डोमेन, म्हणजे कंपनीचं इंटरनेटवरचं नाव, तुमच्या ताब्यात हवं. आणि आपल्याकडं घोडं इथंच अडतं. दहा वर्षांपूर्वी ज्यानं वेबसाइट करून दिली त्यानं डोमेन स्वतःच्याच खात्यात घेतलेलं असतं, आणि आता तो फोन उचलत नाही. म्हणून बाकी काही करण्याआधी डोमेनच्या खात्याचं लॉगिन कुणाकडं आहे ते बघा. ते कंपनीच्या नावावर करून घ्या, मगच पुढचं.

साध्या, म्हणजे फक्त डोमेनचा ताबा तपासणाऱ्या डीव्ही प्रकाराला एकही कागद लागत नाही. ताबा सिद्ध करायचा: डोमेनच्या डीएनएसमध्ये (नावामागचे पत्ते ठेवणारी नोंदवही) दिलेली टीएक्सटी, म्हणजे मजकुराची, नोंद टाकून, वेबसाइटवर ठरलेल्या जागी फाइल ठेवून, किंवा अ‍ॅडमिन, पोस्टमास्टर अशा ठरावीक पत्त्यांवर आलेला मेल मंजूर करून. नवीनच सर्व्हर उभा करत असाल तर मेलचा मार्ग घेऊ नका. ज्या सर्व्हरसाठी धडपड चालली आहे तोच अजून मेल घेत नसतो. डीएनएस नोंद सगळ्यांत बरी.

ओव्ही प्रकारात संस्थेचीही पडताळणी होते. कंपनीचा नोंदणी दाखला, जीएसटी नोंदणी, सहकारी संस्था असेल तर निबंधकांचा नोंदणी दाखला हाताशी ठेवा. संस्थेचं नाव दाखल्यावर आहे अगदी तसंच लिहायचं. जाहीर नोंदीतल्या फोन नंबरवर खातरजमेचा फोन येतो, तेव्हा तो नंबर चालू हवा. माझं मत विचाराल तर कारखान्याच्या मेलला डीव्ही पुरेसं आहे, कारण मजकूर दोन्हींत सारखाच सुरक्षित जातो.

आता मुख्य काम. बॉक्सच्या प्रमाणपत्रांच्या मेनूमध्ये ‘सीएसआर’, म्हणजे विनंती, तयार करायची सोय असते. विनंतीसोबत बनणारी गुप्त किल्ली आरएसए प्रकारची, २०४८ बिट किंवा त्याहून मोठी घ्या. देश ‘आयएन’, राज्य ‘महाराष्ट्र’ पूर्ण, शहर कोल्हापूर, हे सगळं इंग्रजी अक्षरांत. नावाच्या रकान्यात लोक आउटलुकमध्ये आणि फोनवर जे सर्व्हरचं नाव टाकतात तेच हवं. दुसरी नावं असतील (वेबमेल, आउटलुकला सेटिंग आपोआप देणारं ऑटोडिस्कव्हर) तर ती ‘सॅन’च्या, म्हणजे जादा नावांच्या, यादीत घाला. ‘सर्व्हर डॉट लोकल’सारख्या आतल्या नावाला सार्वजनिक संस्था प्रमाणपत्र देत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या आदेशानं सहकारी बँकांनाही ‘डॉट बँक डॉट इन’वर जावं लागलं, अशा बँकेच्या मेल सर्व्हरचं नाव बदललं असेल तर जुनं प्रमाणपत्र त्या नव्या नावाला चालणार नाही.

विनंती बनते त्याच क्षणी बॉक्समध्ये तिची खासगी किल्ली तयार होते. बाहेर पाठवायची ती फक्त विनंती. किल्ली कुणालाही मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप करायची नाही, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेलासुद्धा नाही. एका फाउंड्रीत विनंती पाठवल्यावर मधल्या दोन दिवसांत कुणीतरी बॉक्स रीसेट केला. प्रमाणपत्र आलं, पण त्याची किल्ली गेलेली. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. प्रमाणपत्र येईपर्यंत बॉक्सला हात लावू नका, नवी विनंतीही बनवू नका.

आलेली फाइल त्याच प्रलंबित विनंतीवर आयात करा. सोबत मधल्या संस्थेचं (इंटरमीजिएट) प्रमाणपत्रही येतं, ते टाकायला विसरू नका. ते नसेल तर तुमच्या लॅपटॉपवर सगळं नीट दिसतं आणि ग्राहकाच्या फोनवर इशारा येतो. किल्ली दुसऱ्या मशीनवर बनवली असेल, तर किल्ली आणि प्रमाणपत्र एकत्र बांधलेली पीएफएक्स फाइल पासवर्डसह आयात होते.

आयात झालं म्हणजे काम झालं असं नाही. वेबमेल, आयमॅप (मेल वाचायचा मार्ग), एसएमटीपी (मेल पाठवायचा मार्ग) यांना नवं प्रमाणपत्र बऱ्याच बॉक्समध्ये वेगवेगळं नेमून द्यावं लागतं. वेबमेलच्या ४४३ पोर्टवर नवं आणि आयमॅपच्या ९९३, एसएमटीपीच्या ५८७ वर जुनं, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे. बॉक्सचं घड्याळही बरोबर हवं. मग कंपनीचं वायफाय बंद करून, फोनच्या नेटवरून तपासा. नंतर किल्लीसह पीएफएक्सची एक प्रत पासवर्ड घालून सुरक्षित ठेवा.

मुदतीचं गणित बदललं आहे. १५ मार्च २०२६ पासून नव्या प्रमाणपत्राची कमाल मुदत २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७. वर्षातून एकदा करायचं काम आता वारंवार येणार. तुमचा बॉक्स आपोआप नूतनीकरण करू शकत असेल तर ९० दिवसांचं मोफत ‘लेट्स एनक्रिप्ट’ लावा. नसेल, तर मुदत संपण्याच्या महिनाभर आधीची तारीख दोघांच्या कॅलेंडरमध्ये टाका. एकाच्या नको, तो नेमका ज्योतिबाच्या यात्रेला गेलेला असतो.