बेसबॉल क्लबात नोकरी: खेळ कळतो, तारखा चुकतात

अमेरिकेत डेटा सायन्स, स्टॅटिस्टिक्स शिकणारी आपली काही मुलं बेसबॉल क्लबांच्या अ‍ॅनालिटिक्स विभागात अर्ज करतात. मेजर लीगचे ३० क्लब, त्यांना जोडलेले मायनर लीगचे १२० संघ. जाहिराती टीमवर्क ऑनलाइन आणि फॅनग्राफ्स या वेबसाइटांवर येतात. रेझ्युमे, एसक्यूएल, आर किंवा पायथॉन, आणि स्टॅटकास्ट या चेंडू-खेळाडूंच्या हालचाली मोजणाऱ्या यंत्रणेच्या खुल्या आकड्यांवर स्वतः केलेलं एखादं काम. इथवर फारसं कुणी अडत नाही. घोडं पेंड खातं ते एफ-१ या विद्यार्थी व्हिसाच्या कागदांत.

ओपीटी म्हणजे शिक्षणानंतर आपल्याच विषयात वर्षभर काम करण्याची परवानगी. तिचा अर्ज, म्हणजे फॉर्म आय-७६५, अभ्यासक्रम संपण्याआधी ९० दिवसांपासून संपल्यानंतर ६० दिवसांपर्यंत करता येतो. संपण्याची तारीख आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी कॉलेजने दिलेल्या पत्रकावर, छापलेली असते, ती. पदवीदानाची नव्हे! आई-बाबांची तिकिटं समारंभाची काढलेली असतात, म्हणून तीच तारीख डोक्यात बसते. शिवाय कॉलेजच्या डीएसओने (परदेशी विद्यार्थ्यांचे कागद पाहणारा अधिकारी) शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांत अर्ज यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याकडे पोचायला हवा. त्या दिवशी पोस्टात टाकून भागत नाही.

खरी मेख पुढे आहे. ओपीटीत एकूण ९० दिवसच बेरोजगार राहता येतं. समजा अभ्यासक्रम १० मेला संपला आणि ओपीटीची सुरुवात शक्य तितकी पुढे, ९ जुलैला घेतली. तरी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दिवस संपतात. तेव्हा प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरचे बाद फेरीचे सामने, चालू असतात. क्लबांची बरीचशी भरती हंगाम संपल्यावर, हिवाळ्यात होते. या वेळापत्रकाचा विचार ना सरकारने केलाय ना क्लबांनी. म्हणून अर्ज शेवटच्या वर्षाच्या शरद सत्रातच सुरू करा, पदवीनंतर नाही. तरी जागा नाही मिळाली, तर विषयाशी निगडित, आठवड्याला किमान २० तासांचं विनावेतन कामही ओपीटीच्या या पहिल्या वर्षात नोकरी म्हणून धरलं जातं. सुरू करण्याआधी डीएसओला विचारा आणि कामाचं पत्र जपून ठेवा.

पुढच्या २४ महिन्यांच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांच्या मुदतवाढीत मात्र पगार लागतोच. क्लब ई-व्हेरिफाय या कामाची परवानगी तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत नोंदलेला हवा आणि त्याने आय-९८३ हा प्रशिक्षण आराखडा सही करून द्यायला हवा. हा कागद कुणाकडेच तयार नसतो. लहान संघाच्या एचआरने तर नावही ऐकलेलं नसतं, तेव्हा मसुदा तुम्हीच भरून न्या. आणि स्पोर्ट्स मॅनेजमेंट घेतलेल्यांनो, आय-२० वरचा सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा वर्गीकरण क्रमांक, स्टेम यादीत आहे का, ते आजच पाहा. प्रवेश घेताना हे कुणी सांगत नाही.

अर्जात विचारतात: 'आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का?' पुढे एच-१बी, म्हणजे मालकाने अर्ज करून मिळवून दिलेला कामाचा व्हिसा, हवा असेल तर उत्तर 'हो'च. खोटं लिहू नका. कव्हर लेटरमध्ये एक ओळ घाला: स्टेम ओपीटी धरून तीन वर्षं एच-१बीची गरज नाही.