शोधनिबंधाचे हस्तलिखित (शिक्षणशास्त्र)

शिक्षणविषयक संशोधन शोधनियतकालिकाकडे प्रसिद्धीसाठी पाठवताना ज्या रूपात सिद्ध केले जाते, त्या मजकुराला शोधनिबंधाचे हस्तलिखित म्हणतात. हाताने लिहिण्याचा काळ सरला तरी नाव तेच राहिले. शीर्षकपृष्ठ, सारांश, मुख्य मजकूर, तक्ते, संदर्भसूची आणि परिशिष्टे हे त्याचे भाग. सोबत संपादकांना उद्देशून पत्र आणि नीतिविषयक घोषणापत्रे जातात. विषयातल्या जाणकारांची समीक्षा आणि मग दुरुस्त्या होऊन लेख स्वीकारला जाईपर्यंत ते हस्तलिखितच असते.

शोधनियतकालिकांची परंपरा १६६५ मध्ये लंडनहून निघालेल्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’पर्यंत मागे जाते. शिक्षणशास्त्र या परंपरेत बरेच उशिरा आले. अमेरिकन एज्युकेशनल रिसर्च असोसिएशन १९१६ साली स्थापन झाली आणि तिचे ‘रिव्ह्यू ऑफ एज्युकेशनल रिसर्च’ १९३१ पासून निघू लागले. भारतात १९६१ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद (एनसीईआरटी) स्थापन झाली. ‘इंडियन एज्युकेशनल रिव्ह्यू’ आणि ‘जर्नल ऑफ इंडियन एज्युकेशन’ ही तिची नियतकालिके. महाराष्ट्रात राज्य मंडळाचे ‘शिक्षण संक्रमण’ आणि पुण्याहून निघणारे ‘शैक्षणिक संदर्भ’ शिक्षकांच्या ओळखीचे आहेत. मात्र शिक्षकांसाठीचा अनुभवलेख आणि समीक्षित शोधनिबंध यांचे वाचक वेगळे, म्हणून घडणही वेगळी. एकासाठी लिहिलेला मजकूर दुसरीकडे जसाच्या तसा पाठवणे ही पहिली आणि सर्वांत सामान्य चूक आहे.

प्रबंधातून निबंध

मराठी भाषक संशोधकांची बहुतेक हस्तलिखिते एम.एड.च्या लघुप्रबंधातून किंवा पीएच.डी.च्या प्रबंधातून निघतात. प्रबंधाची पाच प्रकरणे ठरलेली: प्रस्तावना, संबंधित साहित्य व संशोधनाचा आढावा, कार्यपद्धती, माहितीचे विश्लेषण व अर्थनिर्वचन, आणि शेवटी सारांश, निष्कर्ष व शिफारशी. हा साचा परीक्षकासाठी आहे. विद्यार्थ्याने सगळे टप्पे पार पाडले का, हे परीक्षकाला पडताळायचे असते. म्हणून ‘संशोधन म्हणजे काय’ इथपासून सुरुवात होते, शीर्षकातल्या प्रत्येक शब्दाची कार्यात्मक व्याख्या येते, सर्वेक्षण पद्धतीच का निवडली यावर दोन पाने जातात. नियतकालिकाच्या वाचकाला हे सगळे ठाऊक असते. त्याला एकच जाणून घ्यायचे असते: आजवर जे माहीत होते त्यात या अभ्यासाने काय भर पडली?

त्यामुळे दोनशे पानांचा प्रबंध कापून वीस पानांवर आणला की हस्तलिखित झाले, असे होत नाही. दहा उद्दिष्टांपैकी एक किंवा दोन निवडावी लागतात आणि बाकीची सोडावी लागतात. हे सोडणेच सर्वांत जड जाते, कारण प्रत्येक उद्दिष्टामागे शाळांचे उन्हातले हेलपाटे आणि भरून घेतलेल्या प्रश्नावल्या असतात. पण एका निबंधात एकच प्रतिपादन पेलते. उरलेली सामग्री दुसऱ्या निबंधासाठी ठेवता येते. फक्त एकाच अभ्यासाचे बारीक तुकडे करून पाच ठिकाणी छापणे गैर मानले जाते.

साहित्याच्या आढाव्यात हा फरक ठळक दिसतो. प्रबंधात ‘अमुक (१९९८) यांनी अभ्यास केला, तमुक (२००४) यांनी अभ्यास केला’ अशी माळ असते, आणि प्रत्येक मणी सुटा. हस्तलिखितात हे अभ्यास एकमेकांशी बोलले पाहिजेत: कोणाचे निष्कर्ष जुळतात, कोणाचे विरोधात जातात, कोणता प्रश्न कोणीच विचारला नाही. त्या न विचारलेल्या प्रश्नापाशी आढावा थांबला की संशोधनाची गरज वेगळी सांगावी लागत नाही.

भाषाही बदलते. ‘प्रस्तुत संशोधनात संशोधिकेने इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांच्या अपूर्णांकविषयक संपादणुकीवर कृतियुक्त अध्यापनाच्या परिणामकारकतेचा अभ्यास केला आहे’ हे प्रबंधातले वाक्य. हस्तलिखितात तेच असे लिहिता येते: ‘कागद दुमडून अपूर्णांक शिकलेल्या चौथीच्या मुलांना पाव आणि अर्धा यांची तुलना जमली, अंश आणि छेद दोन्ही वेगळे असलेले अपूर्णांक आले की मात्र ती अडखळली.’ दुसऱ्या वाक्यात निष्कर्ष आहे, त्याची मर्यादा आहे आणि मुलेही आहेत.

सारांश, कार्यपद्धती, निष्कर्ष

सारांश सर्वांत आधी वाचला जातो आणि लिहावा सर्वांत शेवटी. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या (एपीए) शैलीत तो साधारणतः २५० शब्दांपर्यंत असतो. प्रश्न, सहभागी, पद्धत, मुख्य निष्कर्ष आणि त्याचा अर्थ एवढे त्यात बसले पाहिजे. ‘निष्कर्षांची चर्चा केली आहे’ या वाक्याने काहीच कळत नाही. निष्कर्ष काय आला ते तिथेच सांगावे.

कार्यपद्धतीची कसोटी सोपी आहे. दुसऱ्या जिल्ह्यातल्या संशोधकाला एवढ्या वर्णनावरून हाच अभ्यास पुन्हा करता येईल का? ‘यादृच्छिक पद्धतीने नमुना निवडला’ असे सर्रास लिहिले जाते आणि प्रत्यक्षात ओळखीच्या मुख्याध्यापकांनी परवानगी दिलेल्या दोन शाळा असतात. सोयीस्कर नमुना असेल तर तसेच लिहावे. समीक्षक सोयीस्कर नमुना समजून घेतात; चुकीचे नाव दिलेला नमुना हस्तलिखितावरचा विश्वास घालवतो. परिमर्यादा संशोधक आपण होऊन आखतो, मर्यादा त्याच्या हाताबाहेरच्या असतात. या दोहोंची सरमिसळ मराठी हस्तलिखितांत वारंवार आढळते. तसेच ‘गृहीतके’ आणि ‘परिकल्पना’ यांचे: गृहीतक तपासले जात नाही, परिकल्पना तपासली जाते.

संख्यात्मक अभ्यासात ‘शून्य परिकल्पनेचा (गटांत फरक नाही असे धरणाऱ्या परिकल्पनेचा) त्याग करण्यात येतो’ एवढ्यावर थांबू नये. समजा, तीस-तीस मुलांच्या दोन गटांची उत्तर चाचणी, म्हणजे अध्यापनानंतरची चाचणी, घेतली. मजकुरात ‘टी (५८) = २.४१, पी = .०१९, डी = ०.६२’ असे लिहिले, तर गटांत मुळात फरक नसता तर एवढा फरक केवळ योगायोगाने क्वचितच दिसला असता हे ‘पी’वरून कळते, शिवाय तो केवढा आहे हेही कळते. शेवटचा आकडा परिणामाचे आकारमान दाखवतो आणि नेमका तोच गाळला जातो. मध्यमान आणि प्रमाण विचलन तक्त्यात द्यावे. तोच तक्ता पुन्हा आलेखात काढू नये आणि परत वाक्यांतही उतरवू नये.

वर्गातली मराठी आणि दूरचा समीक्षक

हस्तलिखित इंग्रजीत जाणार असेल तर मराठी वर्गातला पुरावा वाटेत हरवण्याचा धोका असतो. शैलीपुस्तिकांत याविषयी फारसे मार्गदर्शन मिळत नाही. मराठी शाळांवर लिहिणाऱ्याला मात्र हा प्रश्न पानोपानी भेटतो.

संख्यावाचनाचे उदाहरण घ्यावे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘पन्नास दोन’ अशी वाचनपद्धती आली आणि महाराष्ट्रभर वाद झाला. या विषयावरचे हस्तलिखित परदेशी समीक्षकाकडे गेले, तर वाद कशावरून झाला हेच त्याला कळणार नाही, जोवर लेखक सांगत नाही की ‘बावन्न’मध्ये दोन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर, की ‘एकोणपन्नास’ हे चाळीसवरून पुढे मोजत येत नाही, पन्नासातून एक वजा करून येते. ‘बावन्न’ ऐकून २५ लिहिणारे मूल शिक्षकांच्या ओळखीचे आहे. ते निष्काळजी नाही. कानावर पडले त्या क्रमाने ते लिहिते. हे चार ओळींचे स्पष्टीकरण नसेल, तर विश्लेषण कितीही पक्के असले तरी निबंध उभा राहत नाही.

मुलाखतींतले बोल द्यावेत तेही याच काळजीने. मूल म्हणते, ‘हातचा एक घेतला.’ भाषांतरात त्याचा फक्त एक तांत्रिक शब्द उरतो आणि बोटावर धरून ठेवलेला तो एक नाहीसा होतो. म्हणून मूळ उद्गार लिप्यंतर करून द्यावा, खाली भाषांतर द्यावे, आणि भाषांतर कोणी केले, दुसऱ्याने पडताळले का, हे कार्यपद्धतीत नोंदवावे. परक्या भाषेतली चाचणी मराठीत आणली असेल तर उलट भाषांतर (मराठीतून पुन्हा मूळ भाषेत) करून ताडून पाहिले का, मराठी रूपाची विश्वसनीयता (दरवेळी सारखेच मोजते का) आणि सप्रमाणता (जे मोजायचे तेच मोजते का) नव्याने काढली का, हे समीक्षक विचारतातच.

मराठीत लिहिताना अडचण परिभाषेची येते. भाषा संचालनालयाचा शिक्षणशास्त्र परिभाषा कोश हाताशी असावा. त्यातला शब्द वापरा किंवा रुळलेला दुसरा. एका हस्तलिखितात एका संकल्पनेसाठी एकच शब्द ठेवावा. तिसऱ्या पानावर ‘नमुना’ आणि सातव्या पानावर ‘न्यादर्श’ असे झाले की वाचक दोन वेगळ्या गोष्टी शोधू लागतो.

टंक आणि संदर्भ

श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या टंकांमध्ये टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार सरकतात, वेलांट्या जागा सोडतात, ‘दुसऱ्या’तला ‘ऱ्या’ तुटतो. रूपांतरानंतर सगळा मजकूर शब्दागणिक वाचावा लागतो. तक्ते आणि संदर्भसूची तर दोनदा. शक्य असेल तर पहिल्यापासून युनिकोडमध्येच लिहावे.

शिक्षणशास्त्रात एपीए शैली सर्वाधिक चालते. १९२९ मधल्या एका लहानशा लेखातून ती सुरू झाली. तिची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आली. मराठी हस्तलिखितात मराठी संदर्भ अकारविल्हे आधी आणि इंग्रजी संदर्भ वर्णानुक्रमे नंतर अशी रीत आहे. इंग्रजी हस्तलिखितात मराठी पुस्तकाचे नाव रोमन लिपीत लिप्यंतरित करून चौकटी कंसात त्याचा अर्थ देतात. मजकुरातला प्रत्येक उल्लेख सूचीत आहे का आणि सूचीतली प्रत्येक नोंद मजकुरात आहे का, हे शेवटी पेन हातात घेऊन तपासावे.

नीती

मुलांवरच्या अभ्यासात पालकांची संमती लेखी घ्यावी लागते आणि मुलाचाही होकार विचारावा लागतो. मुख्याध्यापकांचे पत्र दोहोंच्या जागी चालत नाही. नाव बदलले म्हणजे ओळख लपली असेही नाही. तालुका, इयत्ता आणि ‘दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळा’ एवढे छापले, आणि पुढे ‘शिक्षिका म्हणाल्या’ असे लिहिले, की गावाला लगेच कळते कोण ते. ज्यांनी विश्वासाने वर्गाचे दार उघडले त्यांचे यात नुकसान होऊ शकते, म्हणून असे तपशील गाळावेत.

उचलेगिरीबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम आहेत. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते. १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० हून अधिक असे त्यापुढचे तीन स्तर. पहिल्या स्तरात हस्तलिखित मागे घ्यावे लागते, पुढच्या स्तरांत वेतनवाढ रोखणे आणि नव्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्यास मनाई अशा शिक्षा आहेत. पण आकडा कमी आला म्हणजे लेखन प्रामाणिक ठरले असे नव्हे. इंग्रजीतला परिच्छेद मराठीत उतरवून आपला म्हणून दिला तर साम्य तपासणाऱ्या यंत्राला तो सहसा सापडत नाही, चोरी मात्र तीच राहते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला लेखक म्हणून नाव देता येत नाही, आणि ते वापरले असल्यास तसे सांगावे, ही भूमिका प्रकाशननीतीच्या ‘कोप’ या समितीने २०२३ मध्ये मांडली आहे.

मार्गदर्शकाचे नाव केवळ मार्गदर्शक म्हणून लेखकांत घालण्याची प्रथा आपल्याकडे रुळली आहे. ती चुकीची आहे; ज्याने विचारात आणि लेखनात वाटा उचलला तोच लेखक, इतरांसाठी ऋणनिर्देश आहे. लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या लेखिकांसाठी २०१२ पासून उपलब्ध असलेला ‘ऑर्किड’ हा लेखकाची ओळख सांगणारा सोळा अंकी क्रमांक विशेष उपयोगी आहे: जुन्या आणि नव्या नावाचे लेखन एका ठिकाणी राहते.

नियतकालिकाची निवड आणि पाठवणी

पैसे घेऊन आठवड्याभरात काहीही छापणाऱ्या नियतकालिकांनी भारतीय संशोधकांचे मोठे नुकसान केले. त्यांना आळा घालण्यासाठी अनुदान आयोगाने दर्जेदार नियतकालिकांची ‘यूजीसी-केअर’ यादी आणली. तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती बंद केली, त्यामुळे पारख करण्याची जबाबदारी आता संशोधकावर आणि त्याच्या संस्थेवर आली आहे. पीएच.डी.साठी प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्तीही २०२२ च्या विनियमांनी काढली. घाईचे एक कारण तरी त्यामुळे कमी झाले. नियतकालिकाचे मागचे तीन-चार अंक वाचणे हा निवडीचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. आपला प्रश्न तिथे कधी चर्चिला गेला आहे का, संपादक मंडळातली माणसे खरोखर त्या विषयात काम करतात का, हे त्यातून दिसते. एका वेळी एकाच नियतकालिकाकडे हस्तलिखित पाठवावे.

समीक्षा बहुधा दोन्ही बाजूंनी अनामिक असते. त्यासाठी शीर्षकपृष्ठ वेगळ्या फाइलमध्ये देतात आणि ऋणनिर्देश तात्पुरता काढतात. ‘आमच्या मागील अभ्यासात’ याऐवजी लेखकाच्या नावाने तृतीयपुरुषी उल्लेख करतात. फाइलच्या गुणधर्मांत संगणकमालकाचे नाव शिल्लक राहते, तेही पुसावे लागते.

दुरुस्त्यांसह परत आलेले हस्तलिखित हा नकार नसतो. पहिल्या फेरीत जसेच्या तसे स्वीकारले जाणारे निबंध विरळा. समीक्षकांचे शेरे एका तक्त्यात उतरवून प्रत्येकासमोर काय बदलले आणि कोणत्या पानावर, हे लिहितात. एखादी सूचना पटली नसेल तर तीही गाळायची नसते. न पटण्याचे कारण पुराव्यासह त्याच रकान्यात द्यायचे असते. बदललेल्या ओळी रंगवलेली एक प्रत आणि स्वच्छ दुसरी प्रत अशी दोन हस्तलिखिते मग संपादकांकडे परत जातात.