पाटीवरचे 220 आणि भिंतीतले 230

बेळगावच्या खडेबाजारात जुना व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) ॲम्प्लिफायर पाहताना ‘मागे 220 लिहिलंय, घरात 230 येतात, दहा व्होल्टांनी काय होतंय?’ हा प्रश्न हमखास कानावर पडतो. पाटीवरचा आकडा आतल्या जोडणीशी जुळतो आणि घरात खरोखर 230 येतात, अशा दोन गोष्टी त्यात गृहीत धरलेल्या असतात. खानापूरकडच्या माझ्या घरी संध्याकाळी पंप चालू असताना मीटर 210 दाखवतो आणि रात्री लोड उतरला की 245.

अशा व्हॉल्व्हच्या हीटरला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, बहुधा 6.3 व्होल्ट लागतात आणि दहा टक्के कमीजास्त तो सोसतो. 220 च्या टॅपवर (ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यावर त्या व्होल्टेजसाठी काढलेल्या जोडावर) 245 दिले, तर हीटरला 7 व्होल्ट मिळतात, म्हणजे मर्यादा ओलांडली जाते. व्हॉल्व्ह लगेच जात नाही, त्याचे आयुष्य घटते.

खरी गंमत ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडात आहे. प्रायमरीला, म्हणजे घरच्या विजेला जोडलेल्या वेटोळ्याला, दिलेला विद्युतदाब (व्होल्टेज) पेलण्यासाठी गाभ्यातील चुंबकीय प्रवाह सतत बदलत राहावा लागतो. दाब वाढला की त्या बदलाचा आवाका वाढतो आणि वारंवारिता कमी झाली तरीही वाढतो, कारण प्रत्येक फेरीला जास्त वेळ मिळतो. लोखंडातील सूक्ष्म चुंबकीय क्षेत्रे एका दिशेला वळत असतात तोवर थोड्या विद्युतप्रवाहात काम भागते. ती जवळजवळ सगळी वळून झाली की लोखंड संपृक्त होते, आणि त्यापुढे तेवढ्याच वाढीसाठी वेटोळ्यातून कितीतरी पट विद्युतप्रवाह खेचला जातो. म्हणून 110 च्या प्रायमरीला 230 दिल्यास विद्युतप्रवाह दुप्पट होऊन थांबत नाही. त्याला आवरायला तारेचा रोध तेवढा उरतो. याच कारणाने 60 हर्ट्झसाठी बेताने बांधलेला अमेरिकी ट्रान्सफॉर्मर, स्टेप-डाऊन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावून अचूक दाब दिला तरी, आपल्या 50 हर्ट्झवर गुणगुणतो आणि तापतो, कारण गाभ्यावरचा ताण 20 टक्क्यांनी वाढलेला असतो. महागडी मेन्स-केबल लावून आवाज ‘गोड’ झाल्याचे सांगणारे या लोखंडाची चौकशी मात्र क्वचितच करतात.

तपासणी प्लग लावण्यापूर्वीच करावी. आधी मोठे कपॅसिटर रोधकातून रिकामे करून मीटरने खात्री करावी, कारण बंद यंत्रातही ते जिवावर बेतण्याइतका विद्युतभार धरून ठेवतात. हाताला सवय नसेल, तर हे काम कारागिरावर सोपवावे. सर्व व्हॉल्व्ह काढून, मेन्सच्या जागी छोट्या ट्रान्सफॉर्मरचे 12 व्होल्ट एसी द्यावेत आणि हीटरच्या पिनांवर मीटर धरावा. ईएल34 या व्हॉल्व्हच्या सॉकेटवर त्या 2 आणि 7 क्रमांकाच्या असतात. व्हॉल्व्ह काढलेले असताना हीटरचे वेटोळे 6.3 ऐवजी 6.8 च्या आसपास देते, हे धरल्यास 220 च्या प्रायमरीवर सुमारे 0.37 व्होल्ट दिसतील, 240 वर 0.34 आणि 110 वर 0.74. पहिल्या दोहोंतील फरक बारीक असल्याने तिथे 12 व्होल्टही मोजून घ्यावेत आणि टॅपवरची खूण पाहावी.

मी आणलेल्या यंत्राच्या पाटीवर ठसठशीत 220 होते. मीटरवर 0.73 आले. खालचे झाकण काढले तेव्हा मेन्सची तार 110 च्या टॅपवर सोल्डर केलेली दिसली.